अण्णांच्या पेटीतलं पदक

वडील गेल्यावर तीन महिन्यांनी कवळीताईने अण्णांची हत्यारांची पेटी उघडली, तीसुद्धा नाइलाजाने. कपाटाचं बिजागर निखळून दार एका खिळ्यावर लोंबत होतं आणि घरातला एकुलता एक पेचकस त्या पेटीत होता.

कवळीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. दातांच्या लॅबमध्ये ती सव्वीस वर्षं कवळ्या बनवत होती. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात तिच्या हातचं काम होतं, आणि ती समोरून आली की ते मुद्दाम तोंड भरून हसून दाखवायचे. नाव तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच. सख्खा धाकटा भाऊ तेवढा अजून नुसतं ‘ताई’ म्हणायचा.

पेटीच्या वरच्या कप्प्यात पाने, पकडी, पेचकस असं सगळं आकाराप्रमाणे लावलेलं होतं. खाली वायसरांचा एक पत्र्याचा डबा होता. तो हलवल्यावर आतून जड काहीतरी वाजलं, म्हणून तिने तो जमिनीवर उपडा केला. वायसर घरंगळत चहूकडे गेले आणि मागे सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक पदक राहिलं.

पितळी, तळहाताच्या खळग्यात मावेल एवढं. एका बाजूला वरून खाली आलेला एक हात आणि त्याने धरलेला, खालून वर आलेला दुसरा हात. मागे एकच शब्द, ‘दुसऱ्यासाठी’, आणि त्याखाली बेचाळीस वर्षांपूर्वीची तारीख. नाव नाही. धातू रोज हाताळणाऱ्या बाईला बाकीचं कुणी सांगावं लागत नाही. कडेला पोचा होता, म्हणजे ते कधीतरी जोरात आदळलं होतं. अडकवायची कडी एकदा तुटून परत जोडलेली होती, आणि जोड बघताक्षणी तिने ओळखलं की तो अण्णांचा. अण्णा डाग देताना कथील नेहमी जास्तच ओतायचे.

रविवारी भावाचा फोन आला. तो दूरच्या देशात पंधरा वर्षं होता आणि दर रविवारी न चुकता फोन करायचा, कर्तव्य उरकल्यासारखा.

“अण्णांना मेडल?” तो हसला. “कशाचं, न बोलण्याचं?”

“चेष्टा नको. तुला काही आठवतंय का?”

“मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, ताई. ते जाऊ दे, घराचं काय ठरलं? विकून टाक आणि सुट तिथून. किती दिवस बसणार आहेस त्या खोक्यात?”

“बघू,” ती म्हणाली. गेले तीन महिने ती ‘बघू’च म्हणत होती. जाऊ नको म्हणणारं आता कुणी उरलेलं नव्हतं, आणि तरी सुटकेस काढायला हात वर जाई तो तिथूनच परत येई. का ते तिला सांगता येत नव्हतं.

ते घर खरंच खोकं होतं. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, स्वयंपाकघराची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडणारी. आणि त्या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती. अण्णांनी सगळ्या काढून टाकल्या होत्या. न्हाणीघरालासुद्धा नाही. आत कुणी आहे हे कळावं म्हणून लहानपणी ती आंघोळ करताना मोठमोठ्याने पाढे म्हणायची. सातापर्यंतचे पाढे तिला साबणाच्या वासासकट पाठ होते. बंद दारामागे अण्णांचा जीव घाबरायचा, एवढंच आई सांगायची. आई गेल्यावर तर ते झोपेतून ओरडून उठायचे, आणि मग बाजूच्या खोलीतून कुणीतरी ‘मी आहे’ म्हणावं लागायचं.

त्या ‘मी आहे’पायी तिचं सगळं अडकलं. एकोणतिसाव्या वर्षी मोठ्या शहरातल्या एका नामांकित लॅबने तिला बोलावलं होतं. तिने अण्णांना म्हटलं होतं, आपण दोघं जाऊ. अण्णा म्हणाले, “विचार करून सांगतो.” आठवडाभराने त्यांनी सांगितलं, “मला नाही जमणार. तू जा.” आता एकट्या माणसाला ओरडत उठायला सोडून कशी जाणार? ती गेली नाही. ज्याच्याशी लग्नाचं बोलणं चाललं होतं तो मात्र गेला, त्याच शहरात. पुढे त्याला मुलंबाळं झाल्याचं कानावर आलं.

अण्णांचं गाव न सोडण्याचं कारण तिला कधीच कळलं नाही. मित्र नव्हते, नातेवाईक नव्हते, जिथे काम केलं ती कागदाची गिरणी तर बंद पडून गंजली होती. होता तो फक्त गुरुवार. दर गुरुवारी चार वाजता अण्णा ही पेटी घेऊन बाहेर पडायचे. अंगात ताप असला तरी. कुठे जाता विचारलं की म्हणायचे, “एक काम आहे.”

एवढ्या वर्षांत ते एक काम काही संपलं नव्हतं.

*

पदकं आणि ढाली बनवणारं गावात एकच दुकान होतं. शाळांच्या स्पर्धा आणि निवृत्तीचे समारंभ यांवर चालायचं. लॅबमधून परतताना कवळीताई तिथे शिरली. दुकानदार तिच्याच वयाचा, डोळ्याला भिंग लावून एका कपावर अक्षरं कोरत होता. त्याने पदक हातात घेतलं, उलटं केलं, आणि कडीच्या मुळाशी असलेला मोहरीएवढा तारा तिला दाखवला.

“ही आमची खूण. वडिलांच्या वेळची.” तो उठला आणि आतून मखमल लावलेली एक फळी घेऊन आला. फळीवर जुने नमुने ओळीने टाचलेले होते. तिसऱ्या ओळीत हेच पदक होतं, पोचा नसलेलं, पिवळंधमक. “कागदाच्या गिरणीची ऑर्डर. एकच केलं होतं, आणि हा नमुना. मी शाळेत होतो तेव्हा. वडील सांगायचे, गिरणीचा साहेब स्वतः आला आणि म्हणाला, लवकर द्या, लोक तापलेत.”

“लोक का तापले होते?”

“कुणी तरी गेलं होतं टाकीत. जास्त नाही माहीत मला. तुम्ही घड्याळकाकांना विचारा ना. गिरणीत हजेरीवर होते. वाचनालयात बसतात, अकरा ते एक. एक मिनिट इकडेतिकडे होत नाही.”

ती बाहेर पडली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. गिरणीने दिलेलं पदक आणि अण्णा गिरणीत होते. म्हणजे अण्णांनी कुणाला तरी वाचवलं होतं! मग लपवलं कशाला? दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिने एका कवळीला वरचे दात खाली लावले आणि मालकांनी ती कवळी तिच्यासमोर धरून “हे गिऱ्हाईक शीर्षासन करून जेवतं का?” असं विचारलं, तेव्हा ती कितीतरी दिवसांनी हसली.

घड्याळकाका वाचनालयात खिडकीशी बसले होते, पुढ्यात वर्तमानपत्र आणि मनगटावर दोन घड्याळं. एक चुकलं तर दुसरं असावं म्हणून. त्यांनी पदक बघितलं आणि हातही लावला नाही.

“हे तुझ्याकडे कसं?”

“अण्णांच्या पेटीत सापडलं. अण्णांना कशाबद्दल मिळालं, काका?”

“तुझ्या अण्णांना नाही मिळालं,” काका म्हणाले. “चिमण्याला मिळालं. मेल्यावर.”

कवळीताईच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की अण्णांनी ते चोरलं. तिने खुर्ची ओढली आणि बसली.

“चिमणा म्हणजे?”

“फिटर होता. एवढासा, म्हणून सगळे चिमणा म्हणायचे. बायको होती, मूल नव्हतं.” काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. “तुला घरी काहीच सांगितलं नाही? बरं. लगद्याची टाकी साफ करायची होती. दोन दिवस उघडी ठेवून मग उतरायचं असा नियम. आत वायू धरतो. पण फोरमनला संध्याकाळपर्यंत मशिन चालू हवं होतं. त्याने तुझ्या अण्णांना उतरवलं. दोर बांधायलासुद्धा थांबू दिलं नाही. मी ऐकलंय माझ्या कानांनी, ‘पाच मिनिटांचं काम, दोर कसला बांधतोस.’ पाचव्या मिनिटाला आतून आवाज येईना.”

“मग?”

“टाकीचं तोंड एवढं.” त्यांनी दोन्ही हातांनी गोल दाखवला, परातीएवढा. “तुझे अण्णा काटकुळे म्हणून गेले, आमच्यासारख्यांचे खांदे अडकायचे. चिमण्याची पाळी संपली होती. तो सायकलवर बसलेला, फाटकापाशी. आरडाओरडा ऐकून परत आला. तोंडाला ओला रुमाल बांधून उतरला, तुझ्या अण्णांच्या काखेतून दोर बांधला आणि खालून ढकललं. आम्ही ओढलं. अण्णा वर आले, निळे पडलेले. परत दोर सोडला. तो कुणी धरला नाही.”

वाचनालयात कुणीतरी खाकरलं. काकांनी आवाज खाली आणला.

“महिन्याने सभा घेतली. साहेबांनी भाषण केलं आणि हे पदक चिमण्याच्या बायकोच्या हातात दिलं. नियमाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. फोरमनची बदली झाली, बढतीवर. तुझे अण्णा तेव्हा इस्पितळात. पदक त्यांच्याकडे कसं आलं ते मात्र मला माहीत नाही. तिलाच विचार.”

“ती आहे?”

“आहे की. फाटकासमोरच्या जुन्या इमारतीत, तिसरा मजला. बेचाळीस वर्षं तीच खोली.”

कवळीताईला तेव्हा सहावं वर्ष होतं. अण्णांना मोठा ताप आला होता म्हणून ते इस्पितळात आहेत, असं आईने सांगितलेलं तिला आठवत होतं. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी पेचकस घेऊन दारांच्या कड्या काढल्या होत्या. ती शेजारी उभी राहून निघालेले स्क्रू गोळा करत होती. तिला वाटलं होतं, खेळच आहे.

*

ती गेली तो दिवस गुरुवार होता. मुद्दाम निवडला नव्हता. लॅब त्या दिवशी लवकर सुटली एवढंच. पदक पर्समध्ये होतं. जिना अरुंद आणि अंधारा, कठडा हलायचा, पण तिसऱ्या मजल्यावर आल्यावर तो अचानक घट्ट लागला. तिने वाकून पाहिलं. तारेने आवळलेला होता, आणि तारेचं टोक कुणाला लागू नये म्हणून आत वळवलेलं होतं. असं टोक वळवणारा एकच माणूस तिला माहीत होता.

दार उघडलं ती सत्तरीची, ताठ बाई होती. केस पांढरेशुभ्र, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तिने कवळीताईकडे डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं, मग तिच्या मागे, जिन्याकडे.

“पेटी नाही आणलीस?”

“मी...”

“कोण ते कळतंय. कपाळ त्याचंच आहे. तो गेल्याचं मला भाजीवाल्याकडून कळलं. तीन महिने नळ गळतोय. ये.”

आत एकच खोली आणि स्वयंपाकघर. कवळीताई उभी राहून बघत राहिली. जिकडे बघावं तिकडे अण्णा होते. खुर्चीच्या पायाला जोडलेली लाकडी पट्टी. काच पक्की बसावी म्हणून खिडकीच्या कडेने लिंपलेली लांबी. दिव्याच्या बटणाभोवती कापून बसवलेला पत्रा. दाराला आतून कडी होती, जाडजूड, आणि तीसुद्धा त्यांनीच बसवलेली असणार, कारण स्क्रूंच्या चिरा सगळ्या एका रेषेत होत्या. स्वतःच्या घरातल्या काढल्या आणि इथली बसवली.

तिने पदक टेबलावर ठेवलं. म्हातारीने त्याकडे नजरसुद्धा टाकली नाही.

“हे तुमचं आहे, मावशी.”

“माझं नाही. मी दिलं ते. दिलं म्हणजे फेकलं.” म्हातारी खुर्चीत बसली. कवळीताईला बस म्हणाली नाही. “इस्पितळातून सुटला आणि सरळ इथे आला, बायकोच्या खांद्याला धरून. पायांत बळ नव्हतं. दारात उभा राहून नुसता रडत होता. मी म्हटलं, रडतोस कशाला, तू तर आहेस. आणि हे भिरकावलं. भिंतीवर आपटलं, कडी तुटली. म्हटलं, घे, तूच घाल गळ्यात, तुझ्यापायी मिळालंय. मला वाटलं पाठ फिरवून जाईल. त्याने खाली वाकून उचललं. तुटलेली कडीसुद्धा शोधून घेतली.”

“आणि मग?”

“पुढच्या गुरुवारी परत आला. हत्यारं घेऊन. चिमणा गुरुवारी गेला ना. मी दार उघडलं नाही. वर्षभर उघडलं नाही. तो पायरीवर बसायचा तासभर आणि जायचा. मग एकदा नळ फुटला, घरभर पाणी झालं आणि नेमका तो बाहेर होता. काय करणार? घेतला आत.”

“बेचाळीस वर्षं.”

“एकेचाळीस,” म्हातारी म्हणाली. “एक पायरीवर.”

“मावशी, त्यांनी आपण होऊन घाई नाही केली. फोरमनने दोर बांधू दिला नव्हता. घड्याळकाकांनी स्वतः ऐकलंय. अण्णांनी तुम्हाला सांगितलं नसेल...”

“मला माहीत होतं. पहिल्याच वर्षी कळलं.”

“मग?”

“मग काय मग? फोरमन कधी माझ्या दारात आला का? साहेब आला का? तुझा बाप आला. जो आला त्यालाच मी धरलं.” म्हातारीने चष्मा काढून पदराने पुसला. “एकदा माफ केलं म्हटलं असतं तर तो यायचा थांबला असता. आणि या खोलीत दुसरं कोण येत होतं? मी त्याला कधी बस म्हटलं नाही. त्याने इथे कधी पाण्याचा घोट घेतला नाही. काम करायचा, तो गुरुवार, पुढचा गुरुवार. मी रागावलेली राहिले. सोपं नसतं गं इतकी वर्षं रागावलेलं राहणं. काही काही वेळा आठवण करून घ्यावी लागायची.”

स्वयंपाकघरात नळ टपटपत होता. कवळीताईने विचारलं, आणि विचारताना तिला उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखं वाटलं, “त्यांनी कधी गाव सोडून जायचं काढलं होतं?”

“एकदा. वीसेक वर्षं झाली असतील. म्हणाला, मुलीला मोठ्या शहरात चांगलं काम मिळतंय, मला पण चल म्हणते, जाऊ का? माझ्याकडे पाठ करून विचारलं, मोरीचं झाकण बसवत होता.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, ‘आणि गुरुवारी?’”

बस एवढंच. कवळीताई त्या खोलीच्या मध्यभागी उभी होती आणि तिला वाटलं, भिंती चारही बाजूंनी एकेक वीत पुढे सरकल्या. आठवडाभर अण्णांनी जो विचार केला होता तो इथे केला होता. दोन शब्द, आणि तिची एकोणीस वर्षं. शहर, तो माणूस, न झालेली मुलं, सगळं या मोरीच्या झाकणाखाली गेलं होतं, आणि या बाईने तिला तेव्हा पाहिलंही नव्हतं.

तिला ओरडायचं होतं. तिने पाहिलं तर म्हातारी एका हाताने दुसरा हात घट्ट दाबून धरत होती.

“पाना आहे का घरात?” कवळीताईने विचारलं.

“त्याने एक ठेवलाय. ओट्याखाली.”

तिने कॉक बंद केला, नळ उघडला, झिजलेला वायसर काढला. ओट्याखालीच एका डबीत नवे वायसर होते, तिच्या घरच्यासारखेच. दहा मिनिटांत टपटप थांबली. ती निघाली तेव्हा पदक टेबलावरून उचलून म्हातारीने तिच्या हातात कोंबलं.

“हे इथे नको. आणि पुढच्या वेळी येशील तेव्हा खिडकीचं बिजागर बघ.”

*

ती पुढच्या गुरुवारी गेली. का गेली, हे तिने भावाला सांगायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. म्हातारी एकटी आहे, हे एक. अण्णांचं अर्धवट राहिलेलं काम, हे दुसरं. पण खरं म्हणजे गुरुवारचे चार वाजायला आले की पाय आपोआप वळायचे. दुसऱ्या खेपेला तिने पेटी बरोबर नेली. तिसऱ्या खेपेला म्हातारीने कामांची यादी करून ठेवली होती. चौथ्या खेपेला ती दहा मिनिटं उशिरा पोचली तर म्हातारी दारात उभी होती, चेहरा ओढलेला. “मला वाटलं, संपलं.”

कामं संपत नव्हती. खिडकी झाली की कपाट, कपाट झालं की शेगडीचं बटण. एकदा तिला संशय आला आणि तिने बारकाईने पाहिलं. खुर्चीची पट्टी मागच्या गुरुवारी तिने आवळली होती. आता तिचे दोन स्क्रू सैल होते, आणि त्यांच्या डोक्यावर सुरीच्या टोकाचे ताजे ओरखडे होते. तिने स्क्रू परत आवळले. घरी येऊन मात्र ती बराच वेळ अण्णांच्या पलंगावर बसून राहिली. त्यांनासुद्धा हे ओरखडे दिसले असणार. धातूतलं त्यांना तिच्याहून जास्त कळायचं. दिसले, आणि तरी ते आवळत राहिले.

आठव्या आठवड्यात लॅबच्या मालकांनी तिला खोलीत बोलावलं. चार तासांच्या अंतरावर एका गावात त्यांचा मित्र नवी लॅब काढत होता. त्याला कवळीचं काम शिकवणारं, हात बसलेलं माणूस हवं होतं. “माझं नुकसान आहे,” मालक म्हणाले, “पण तू इथे कुजते आहेस हे मला सव्वीस वर्षं दिसतंय. येत्या गुरुवारी जाऊन बघून ये.”

“गुरुवारी नाही जमणार,” ती म्हणाली. “एक काम आहे.”

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. आवाज तिचा होता, पण बोलणं तिचं नव्हतं. मालक काहीतरी विचारत होते. तिने खुर्चीची पाठ धरली. एवढं सोपं होतं तर! कुणी डांबलं नव्हतं, दार लावलं नव्हतं. रोज थोडंथोडं, हत्यारांची पेटी हातात घेऊन, माणूस आपल्या पायांनी चालत जातं.

“थांबा,” ती म्हणाली. “जाते मी. गुरुवारीच जाते.”

ती बुधवारी संध्याकाळी म्हातारीकडे गेली. अवेळी आलेली पाहून म्हातारी चपापली. टेबलावर जेवणाचं ताट होतं आणि त्याशेजारी सुरी. कवळीताईने पहिल्यांदाच न विचारता खुर्ची ओढली आणि बसली. माठातलं पाणी भांड्यात घेतलं आणि प्यायली. म्हातारी बघत राहिली.

“मावशी, मी उद्या येणार नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. मला दुसऱ्या गावी काम मिळतंय, ते बघायला चालले आहे. मिळालं तर राहीन तिथेच.”

म्हातारीने ताट बाजूला सारलं.

“इथे एक प्लंबर आहे, चांगला आहे, त्याला सांगून ठेवलंय. कठडा, नळ, काय असेल ते करील. खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातल्या सूनबाईंना पण सांगितलंय. त्या म्हणाल्या, आम्हाला वाटायचं आजींना कुणी आलेलं आवडत नाही.” तिने पर्समधून पदक काढलं. “आणि हे तुमच्या नवऱ्याचं आहे. सायकलवरून उतरून परत गेला तो माणूस. हे अण्णांचं नव्हतं, माझं तर नव्हतंच.”

म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसली. कवळीताई थांबली. तिला हवं होतं ते फार नव्हतं. ‘जा’ एवढं एक अक्षर. अण्णांसाठी ऐकलं असतं, स्वतःसाठी ऐकलं असतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. खाली कुणीतरी जिन्यावरून भांडत उतरलं. अर्धा तास झाला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की ती परवानगीची वाट बघत बसली आहे, आणि अण्णा पायरीवर असेच बसत असणार.

ती उठली. म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा दगडासारखा होता, पण तो बाजूला झाला नाही.

“येते” म्हणायची सवय होती, तिने ती गिळली. “जाते मी, मावशी.”

जिना उतरताना वरून हाक येईल असं तिला प्रत्येक पायरीवर वाटत होतं. आली नाही. रस्त्यावर आल्यावर ती फाटकासमोरच्या कट्ट्यावर टेकली.

घर विकलं जायला चार महिने लागले. भाऊ फोनवर म्हणाला, “शेवटी सुटलीस!” ती ‘हो’ म्हणाली, पण गुरुवारी दुपारी नव्या लॅबमध्ये तिच्या हातातलं काम अजून बिघडतं, मेण जास्त वितळतं, आणि तिला उठून दोन चकरा माराव्या लागतात. प्लंबरने मध्यंतरी कळवलं, की आजीबाईंनी त्याला पहिल्या दोन खेपांना दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला आत घेतलं. काम काहीच नव्हतं म्हणे, सगळं शाबूत होतं. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि भिंतीवर खिळा ठोकायला सांगितला. खिळ्याला त्यांनी स्वतःच्या हाताने एक जुनं पदक अडकवलं आणि हे माझ्या नवऱ्याचं, असं सांगून त्याचं पूर्ण नाव घेतलं. आपल्याबद्दल त्यांनी काही विचारलं का, हे कवळीताईने विचारलं नाही.

नव्या मालकाने पहिल्या पगाराच्या दिवशी तिला सहज विचारलं होतं, “ताई, इथे किती वर्षं राहायचा विचार आहे?” शिकणाऱ्या दोन्ही मुली हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघायला लागल्या. तिने थोडा विचार केला. आधी परवानगी विचारावी असं कुणी आठवतं का, तेही पाहिलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली, आणि साचा उघडायला घेतला.